लहानपणीच्या भीती: कोणत्या विरतात आणि कोणत्या उरतात?

निशिगंध (दादर)

मुंबईत वाढलेल्या प्रत्येक पिढीच्या वाट्याला आपापली एक सार्वजनिक भीती आलेली आहे. 1965 आणि 1971 च्या युद्धांच्या काळात जे लहान होते त्यांना भोंग्याचा आवाज आणि खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले काळे कागद आठवतात. 1968 मध्ये उपनगरांतल्या मुलांनी रात्री झोपलेल्या माणसांना मारणाऱ्या रामन राघवचे नाव ऐकत रात्री काढल्या. 1979 च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची सुमारे 77 टन वजनाची अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून शाळकरी मुले आकाशाकडे पाहत होती. तिचे तुकडे अखेर हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्यानंतर 1993 चा मार्च, 2005 ची 26 जुलै, 2006 ची 11 जुलै आणि 2008 चा नोव्हेंबर आला. याखेरीज घरोघरच्या भीती होत्याच: बागुलबुवा, चाळीच्या टोकाचा अंधारा संडास, कोकणातून आलेल्या माणसांबरोबर गिरणगावात पोहोचलेल्या मुंजा-हडळीच्या गोष्टी, मोकाट कुत्री, खोल पाणी, सुई, वर्गातली छडी.

मला पडलेला प्रश्न असा आहे की, यांतल्या बहुतेक भीती वयाबरोबर आपोआप गळून पडतात आणि मोजक्याच चाळिशी-पन्नाशीपर्यंत सोबत येतात, तर ही निवड कशी होते? सर्वांत मोठी भीती सर्वांत जास्त टिकत असेल असे वाटते, पण माझ्या घरात तरी तसे दिसत नाही. मला लहानपणी गर्दीची भीती विलक्षण होती. संध्याकाळच्या वेळी दादरच्या पुलावर आईचा हात सुटेल या कल्पनेने माझे पाय लटपटत असत. महाविद्यालयात गेल्यावर त्याच पुलावरून रोज जावे लागले, कोणी माझे मत विचारले नाही, मीही विचार केला नाही, आणि काही वर्षांत ती भीती नेमकी कधी गेली हे मला सांगता येणार नाही इतकी ती निःशेष झाली. पाण्याची भीती मात्र जशीच्या तशी आहे. शिवाजी पार्कचा समुद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, महापालिकेचा जलतरण तलाव त्याहून जवळ आहे, तरीही घोट्याच्या वर पाणी आले की छातीत धडधडू लागते. पोहता न येणाऱ्या माणसाचे मुंबईत काहीही अडत नाही. कोणी बोलावले तर नाही म्हणता येते आणि त्या नाही म्हणण्याची कोणी चौकशीही करत नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की, ज्या भीतीला वळसा घालण्याची सोय होती तीच उरली. हे शहर काही गोष्टी माणसाकडून सक्तीने करून घेते आणि काही गोष्टी आयुष्यभर टाळू देते. आपल्या मोठेपणीच्या भीतींची यादी पुष्कळ अंशी या दुसऱ्या प्रकारातून तयार होते. अभ्यासकांनी वयाचा एक क्रमही नोंदवला आहे. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला अनोळखी चेहऱ्याची भीती वाटू लागते, पुढे आई दृष्टीआड होण्याची, चार ते सहा या वयात अंधाराची आणि भुतांची, शाळकरी वयात इजेची, आगीची, पुराची, आणि किशोरवयात चारचौघांत अपमान होण्याची. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये आपल्या रुग्णांच्या भीती सरासरी कोणत्या वयात सुरू झाल्या ते पाहिले, तेव्हा प्राण्यांची भीती सुमारे सातव्या वर्षी, रक्ताची नवव्या, दंतवैद्याची बाराव्या आणि बंद जागेची विसाव्या वर्षाच्या आसपास सुरू झालेली आढळली. म्हणजे मोठेपणी दवाखान्यात पोहोचणाऱ्या कित्येक भीती बालवाडी ते सातवीच्या काळातल्या असतात.

आपल्याकडे कोणती भीती उरली, कोणती गेली, आणि गेली असल्यास कशामुळे, हे सविस्तर वाचायला मला मनापासून आवडेल.

माहीमचे आजोबा

निशिगंधताई, आपण उल्लेखिलेल्या दोन्ही युद्धांच्या वेळी मी मुंबईतच होतो आणि 1971 च्या डिसेंबरमध्ये मी शाळेच्या वरच्या वर्गात होतो. संध्याकाळ झाली की आमच्या वाडीतली मोठी मुले घरोघर जाऊन कोणाच्या फटीतून उजेड बाहेर येतो का ते पाहत असत. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे. धोक्याचा भोंगा वरखाली होत वाजे आणि धोका टळल्याचा भोंगा एकसुरी वाजे, हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही पाठ होता. त्या दिवसांत भीती वाटत नव्हती असे मी म्हणणार नाही. परंतु युद्ध संपले त्या दिवशी ती भीतीही संपली आणि नंतर भोंग्याच्या आवाजाने मी कधी दचकलो नाही.

रामन राघवची भीती यापेक्षा निराळ्या जातीची होती. तो झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या गरीब माणसांना रात्री मारत असे. घरात जागा नसल्यामुळे उन्हाळ्या-पावसाळ्यात बाहेर झोपण्याची सवय असलेल्या वस्त्यांना ते दिवस फार कठीण गेले. माझे मामा मालाडला राहत होते आणि तिथले पुरुष पाळीपाळीने काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालत. ऑगस्टमध्ये तो पकडला गेला तरी कित्येक महिने माणसे दार पुन्हा पुन्हा तपासत होती. पुढे न्यायालयात त्याचा मानसिक आजार सिद्ध झाला, त्याची फाशी जन्मठेपेत बदलली आणि 1995 मध्ये त्याचा मृत्यू झाला, हे सर्व मी वर्तमानपत्रांत वाचले आहे. माझा मामेभाऊ आज निवृत्त आहे, चांगल्या इमारतीत राहतो, आणि अजूनही कितीही उकडत असले तरी खिडकी उघडी ठेवून झोपत नाही.

आपल्या वळशाच्या मुद्द्याला मी एक जोड देऊ इच्छितो. युद्धातल्या भीतीच्या वेळी आम्हा मुलांना काम होते. कागद चिकटवायचे, भोंगा ओळखायचा, आजीला जिन्याखाली न्यायचे. सगळी चाळ एकाच वेळी एकाच गोष्टीला घाबरत होती आणि एकाच वेळी निर्धास्त झाली. रामन राघवच्या वेळी गस्तीचे काम पुरुषांना होते. मुलांनी फक्त अंथरुणात पडून ऐकायचे होते. त्याच न्यायाने मला चाळीच्या टोकाच्या संडासाची भीती मोठेपणापर्यंत पुरली, कारण त्या अंधाऱ्या सज्जातून एकट्यानेच जावे लागे, आणि घाबरलो असे सांगितले तर भावंडे नावे ठेवत. त्यामुळे ज्या भीतीत मूल एकटे सापडते आणि ज्यात त्याच्या हाताला काहीच काम नसते, ती जास्त टिकते असे मला वाटते.

शिवडीकर

माझी भीती कुत्र्यांची आहे आणि ती मुळात माझी नाही. आमच्या घरात कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात हे वाक्य रोजच्या बोलण्यातले होते. वडिलांना लहानपणी गावी कुत्रा चावला होता आणि त्यांनी ती इंजेक्शने खरोखर घेतली होती. रस्त्यावर कुत्रे दिसले की ते माझा हात इतका घट्ट धरत की माझी बोटे दुखत. मला आजवर एकदाही कुत्रा चावलेला नाही. तरीही आज माझ्या गल्लीत रात्री कुत्री बसलेली असली तर मी लांबच्या रस्त्याने घरी जातो, म्हणजे आपण म्हणता तसा वळसा मी अक्षरशः घालतो.

या निमित्ताने एक गोष्ट तळमळीने लिहितो. पोटातली ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूच्या ऊतींपासून केलेल्या जुन्या लशीची होती. ती फार वेदनादायक होती, तिचे मज्जासंस्थेवर गंभीर दुष्परिणामही होत, आणि 2004 च्या अखेरीस भारतात तिचे उत्पादन बंद झाले. आजची लस दंडात दिली जाते, स्नायूत दिली तर साधारणपणे पाच आणि त्वचेत दिली तर चार भेटींत ती पूर्ण होते, आणि त्वचा फाटून रक्त आले असेल तर जखमेभोवती प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन दिले जाते. महापालिकेच्या रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. लस बदलून दोन दशके झाली, पण ते वाक्य घराघरांत अजून बदललेले नाही.

याचा परिणाम असा होतो की, मुलाला कुत्र्याने ओरबाडले तर ते घरी सांगत नाही, कारण त्याला कुत्र्यापेक्षा चौदा इंजेक्शनांची धास्ती जास्त असते. आमच्या वस्तीत असे लपवणारी मुले मी स्वतः पाहिली आहेत, आणि आईने विचारले म्हणून ती सांगती झाली. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. चावल्यानंतर पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुणे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करणे आणि ती पूर्ण घेणे एवढ्याने तो मृत्यू टळू शकतो. म्हणून ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी आजची लस कशी असते हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निशिगंध (दादर)

शिवडीकर, आपण लिहिलेली विनंती मी आमच्या सोसायटीच्या फलकावर लावणार आहे.

मुळात माझी नाही असे आपण ज्या भीतीबद्दल म्हणता, तिच्यासंबंधी एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात प्रयोगशाळेत वाढलेली माकडे घेतली, ज्यांनी साप कधी पाहिलाच नव्हता आणि ज्यांना त्याची भीतीही नव्हती. जंगलात वाढलेले माकड सापाला पाहून कसे घाबरते हे त्यांना काही वेळ पाहू दिले, आणि तेवढ्याने ती सापाला घाबरू लागली. कित्येक आठवड्यांनीही घाबरत होती. फुलाला घाबरणारे माकड चित्रफितीत दाखवले तेव्हा मात्र ती फुलाला घाबरायला शिकली नाहीत. आपल्या बोटांवरच्या वडिलांच्या पकडीने आपल्याला हेच शिकवले असावे.

पाऊसवेळ (कुर्ला)

मला निशिगंधताईंच्या मुख्य मुद्द्याशी आदरपूर्वक असहमती नोंदवायची आहे. 26 जुलै 2005 रोजी मी सहावीत होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो हा दिवस. मिठी नदी आमच्या वस्तीत शिरली, वीज गेली, दूरध्वनी बंद पडले, आणि आई कार्यालयातून निघाली की नाही हे आम्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत कळले नाही. ती रात्री कोणा अनोळखी कुटुंबाकडे थांबली होती आणि सुखरूप परतली.

पावसाला मुंबईत वळसा घालता येत नाही. त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा मी याच शहरात काढला, त्याच रस्त्याने कामावर गेलो, गुडघाभर पाण्यातून चाललो. आपल्या मांडणीप्रमाणे माझी भीती आतापर्यंत झिजून जायला हवी होती. प्रत्यक्षात जून उजाडला की महापालिकेने जाहीर केलेले मोठ्या भरतीचे दिवस मी दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो. दुपारी आभाळ भरून आले की पत्नीला तासातासाला दूरध्वनी करतो. माझी मुलगी पाळणाघरात असताना सलग दोन तास जोरात पाऊस पडला तर मी काम सोडून निघतो, आणि माझ्या या वागण्याने तिलाही पावसाचा आवाज आवडेनासा झाला आहे, याचे मला फार वाईट वाटते.

शिवाय मला हेही विचारायचे आहे की, या भीतीला केवळ बालपणीचा अवशेष समजावे का? भरती आणि अतिवृष्टी एकाच वेळी आली तर या शहराचे पाणी समुद्रात उतरत नाही, हे तेव्हा खरे होते आणि आजही खरे आहे. यातला कोणता भाग शहाणपणाचा आहे आणि कोणता भाग माझ्या सहावीतल्या रात्रीचा आहे, हे मला वेगळे करता येत नाही.

डोंबिवलीकर

चर्चा वाचतो आहे. माझी भीती रक्ताची आहे आणि तिला लाजून मी आजवर रक्तदान केलेले नाही. रक्ताची चाचणी करतानाही मला भोवळ येऊन मी खाली पडतो. इतरांना भीतीने छातीत धडधडते असे येथे वाचले, मग मला उलटे का होते, हे कोणी जाणकार सांगू शकतील का?

समुपदेशक, ठाणे

गेली बरीच वर्षे मी या क्षेत्रात काम करते आहे, म्हणून तिघांनाही एकत्रच उत्तर लिहिते.

डोंबिवलीकर, आपले शरीर इतरांहून वेगळे वागते हे आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. बहुतेक भीतींत हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतात आणि भोवळ येत नाही. रक्त, जखम आणि सुई यांच्या भीतीत ते आधी थोडे वाढतात आणि मग एकदम खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. ही प्रवृत्ती पुष्कळदा कुटुंबात चालत आलेली असते. यावरचा उपाय शांत होऊन अंग सैल सोडण्याच्या नेमका उलटा आहे. दंड, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवू लागली की थोडे सैल सोडायचे, अर्ध्या मिनिटाने पुन्हा आवळायचे. ज्या हातातून रक्त घ्यायचे तो तेवढा सैल ठेवावा. हे तंत्र ओस्ट यांनीच विकसित केले. सुईपूर्वी घरी काही दिवस सराव करावा, चाचणीच्या वेळी आडवे झोपू द्या असे निःसंकोच सांगावे, आणि आपल्याला भोवळ येते हे तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच कळवावे.

निशिगंधताईंचे वळशाचे निरीक्षण मला योग्य वाटते. त्याचा सर्वांत जुना पुरावा 1924 चा आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाची सशाची भीती कमी केली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, दर वेळी थोडा जवळ आणायचा, आणि सशाला न घाबरणारी मुले त्याच्या सोबतीला ठेवायची, असे ते काम होते. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. सशाला टाळण्याची मुभा मिळाली असती तर ससा निरुपद्रवी असतो हे कळण्याची संधीच त्याला मिळाली नसती.

परंतु पाऊसवेळ यांचे म्हणणेही तितकेच खरे आहे. केवळ समोर जाणे पुरेसे नसते. माणूस पावसात जातो, पण सतत दूरध्वनी करत, वेळापत्रक तपासत, सुटकेची वाट मनात धरून जातो. काही वाईट घडले नाही तर श्रेय पावसाला न जाता त्या दूरध्वनीला जाते, आणि पुढच्या वेळी दूरध्वनी अधिक गरजेचा वाटतो. हाही वळसाच आहे, फक्त तो पायांनी घातलेला नाही. 2006 च्या लोकलमधील सात स्फोटांनंतर रोज प्रवास करणारी, तरीही सामानाच्या फळीवरची प्रत्येक पिशवी न्याहाळल्याशिवाय न बसणारी माणसे मी पाहिली आहेत. आणखी एक गोष्ट अशी की, भीती कमी होते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर नवी आठवण चढते, आणि ताण वाढला, आजारपण आले किंवा तसाच एखादा दिवस उगवला की जुनी पुन्हा वर येते. तसे झाले तर उपचार फसले असे समजू नये.

शहाणपण आणि भीती यांतला फरक आपण विचारला आहे. भरतीचे दिवस लिहून ठेवणे आणि पाळणाघराशी पर्यायी व्यवस्था ठरवणे हे एकदा केले की संपणारे काम आहे, म्हणून ते ठेवावे. तासातासाचा दूरध्वनी कधीच संपत नाही. त्याचे अंतर आधी दोन तासांचे करा, मग तीन तासांचे, आणि मधल्या अस्वस्थतेत काहीही न करता बसून पाहा. ती आपोआप उतरते, हा अनुभव स्वतः घ्यावा लागतो. पुराची ती रात्र स्वप्नात किंवा डोळ्यांसमोर वारंवार येत असेल तर मात्र एकट्याने प्रयत्न करू नका. केईएम, नायर आणि सायन येथील रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

परळची लेक

आपण सर्वांनी ज्या भीतींबद्दल लिहिले त्यांना कुत्रा, पाणी, पाऊस असे काही रूप आहे. माझी भीती महिन्याच्या अखेरीची आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत होते. सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांत जे घडले तेच आमच्याकडे घडले. आधी वाण्याची उधारी वाढली, मग आईच्या बांगड्या गेल्या, मग आम्हा भावंडांना गावी पाठवण्याची बोलणी रात्री हळू आवाजात होऊ लागली. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे भीती संपली असे जाहीर करणारा एकसुरी भोंगाही आमच्या वाट्याला आला नाही, असे आजोबांचे लिहिणे वाचताना मनात आले.

आज माझे आणि यजमानांचे निवृत्तिवेतन पुरेसे आहे. तरी डब्यात तांदूळ अर्ध्यावर आला की मी नवा आणते, आणि पंचवीस तारखेनंतर कोणी घरात मोठा खर्च काढला तर माझा आवाज चढतो. मुले म्हणतात, आई, आता कशाची भीती? समुपदेशकताई, सशासारखे याला थोडे थोडे जवळ कसे आणायचे? रिकामा डबा मुद्दाम ठेवून पाहायचा का? मला तसे करावेसेही वाटत नाही, कारण त्या भीतीनेच मला काटकसर शिकवली आणि दोन मुलांची शिक्षणे त्या काटकसरीवर झाली. फक्त रात्री कुजबुज ऐकू आली की अजून झोप उडते, तेवढे जावे असे वाटते.

समुपदेशक, ठाणे

ताई, रिकामा डबा ठेवण्याची काही गरज नाही. आपल्याला जे नकोसे झाले आहे ते कुजबुज ऐकून झोप उडणे, आणि त्याचे मूळ तांदळात नसून मोठ्यांनी मुलांपासून लपवून बोलण्यात आहे. पैशांविषयीची बोलणी घरात दिवसा, सर्वांसमोर, मोठ्याने करण्याचा पायंडा पाडून पाहा. त्या वेळी आपल्याला कोणी काही सांगितले नव्हते. आता सांगणारे आणि विचारणारे आपणच आहात. भावंडांपैकी कोणी असतील तर त्यांच्याशी त्या वर्षाविषयी एकदा सविस्तर बोला. आजोबांनी लिहिलेला एकटेपणाचा मुद्दा येथे मला सर्वांत जवळचा वाटतो.

मुलुंडची आई

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दिवाळीनंतर तो अंधाऱ्या खोलीत जात नाही आणि पाणी पिण्यासाठीही स्वयंपाकघरात सोबत मागतो. सासूबाई त्याला जेवताना बागुलबुवा येईल असे सांगतात आणि हट्ट केला तर पोलिसाला बोलावीन म्हणतात. त्या त्याच्यावर जीव ओवाळून टाकतात, हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांना न दुखावता हे कसे थांबवावे, आणि त्याची अंधाराची भीती पुढे टिकू नये म्हणून मी काय करावे?

माहीमचे आजोबा

सूनबाई, पोलिसाच्या धाकाविषयी मी आधी लिहितो, कारण ती बाब मला फार महत्त्वाची वाटते. मुंबईसारख्या शहरात मूल हरवते ते बहुधा स्थानकावर, जत्रेत किंवा गणपतीच्या गर्दीत. त्या क्षणी त्याच्या जवळ असणारा उपयोगी माणूस म्हणजे गणवेशातला पोलीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाचा जवान. ज्याला चार वर्षे त्या गणवेशाचा धाक घातला आहे ते मूल त्याच माणसापासून लपते. मुलांसाठीची 1098 ही मदतसेवा 1996 मध्ये याच शहरात, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून उभी राहिली, ती स्थानकांवर आणि रस्त्यांवर एकट्या सापडणाऱ्या मुलांसाठीच. मुलाला तो क्रमांक पाठ करून द्यावा आणि चौकीवर नेऊन एखाद्या पोलिसाशी बोलायला लावावे. आपल्या सासूबाईंना हे कारण सांगितले तर त्या निश्चित ऐकतील, कारण नातू हरवण्याची भीती त्यांनाही आहेच.

समुपदेशक, ठाणे

सहाव्या वर्षी अंधाराची भीती वाटणे वयाला धरून आहे आणि बहुतेक मुलांची ती जाते, तेव्हा घाबरून जाऊ नका. तो घाबरतो म्हणून त्याला रागावू नये, चिडवू नये, आणि अंधाऱ्या खोलीत एकटे कोंडून धीट करण्याचा मार्ग तर कधीही पत्करू नये. याच्या उलट, रोज रात्री पलंगाखाली वाकून बुवा नाही हे दाखवणेही हळूहळू बंद करावे. तपासल्याशिवाय झोपता येत नाही हीच सवय त्यातून लागते.

संध्याकाळी, तो ताजातवाना असताना, अंधारातले छोटे खेळ सुरू करा. आधी दार उघडे ठेवून आणि बाहेरचा दिवा लावून दोघांनी खोलीत बसावे, भिंतीवर हातांच्या सावल्या पाडाव्यात, लपवलेली वस्तू विजेरीने शोधावी. मग दार थोडे लोटावे. किती लोटायचे हे त्याने ठरवावे आणि आपण ते पाळावे. स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर आज दारापर्यंत सोबत, पुढच्या आठवड्यात अर्ध्या वाटेपर्यंत, असा क्रम ठेवता येईल. सहा महिन्यांहून अधिक काळ हे असेच राहिले आणि त्यामुळे झोप किंवा शाळा बिघडू लागली, तर बालमानसतज्ज्ञांना भेटावे.

सासूबाईंना या कामातून बाजूला न काढता त्यांनाच पुढे करावे असे मी सुचवेन. निशिगंधताईंनी सांगितलेल्या माकडांच्या प्रयोगाचा पुढचा भाग असा आहे की, ज्या माकडांना सापाजवळ निर्धास्तपणे वागणारे माकड आधी दाखवले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना नंतर घाबरलेले माकड दाखवूनही सापाची भीती लागली नाही. ज्या आजीच्या तोंडून त्याने बागुलबुवा ऐकला तिनेच अंधाऱ्या खोलीत त्याच्या शेजारी बसून आपल्या लहानपणी गावात वीज नसताना माणसे कशी राहत, रात्री कोणती कामे होत, हे सांगितले तर त्याला जेवढा धीर येईल तेवढा माझ्या किंवा आपल्या शब्दांनी येणार नाही. त्यांना विनंती करताना चूक दाखवू नका. या कामासाठी त्याला तुमचीच गरज आहे, एवढेच सांगा.